खारेपाटाचा बांध

हॉलंड देशातील लोकांनी समुद्र हटवून जमीन मिळविली, हे वाक्य आपल्या शाळेतील बहुतेक मुलांस तोंडपाठ असते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला म्हणजे उत्तरेही चांगली येतात. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात हाच पाठ चालला असता मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. तो पोयनाडच्या पलीकडील एका गावाहून येणारा. तो म्हणाला, "सर, आमचं शेतपण समुद्राच्या खालीच आहे. उधाणाला बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी वर दिसतं नि दुसऱ्या बाजूला आमची शेतं खाली." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण मुलगा अगदी खरे बोलत होता, आणि वीस वर्षे भूगोल शिकवूनही मी हॉलंडच्या आधी खारेपाटाचे नाव वर्गात कधी घेतले नव्हते. त्या उणिवेची थोडीशी भरपाई व्हावी म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

खारेपाट हा काही सरकारी दप्तरातील तालुका नव्हे. अलिबाग, पेण, उरण, पनवेल इत्यादी तालुक्यांतून खाड्यांच्या काठाने जी सखल, सपाट, चिकणमातीची जमीन पसरलेली आहे, तिला लोक खारेपाट म्हणतात. आपला रायगड जिल्हा, ज्यास १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणत असत, सह्याद्री व समुद्र यांच्यामध्ये चिंचोळा सापडलेला आहे. त्यामुळे अंबा, पाताळगंगा, कुंडलिका या आपल्या नद्या लांबीने तोकड्या, परंतु पावसाळ्यात वेगाने मोठ्या. डोंगरावरची माती धुऊन त्या खाली आणतात. खाडीत भरतीचे पाणी त्यांस सामोरे येते, प्रवाह मंदावतो आणि वाहून आणलेला गाळ तेथेच बसतो. ह्या गाळावर प्रथम तिवराची झाडे उगवतात. त्यांची मुळे आणखी गाळ धरून ठेवतात. अशा रीतीने शेकडो वर्षांत चिखलाची मैदाने तयार झाली. अंबा नदीत तर भरतीचे पाणी इतके आत चढते की, पूर्वी नागोठण्यापर्यंत गलबते जात असत. नागोठणे समुद्रकाठी नाही, हे मुलांनी नकाशात पाहावे.

ही मैदाने निसर्गाने अर्धवट सोडलेली होती. साधी भरती त्यांच्या कडेपर्यंत येई आणि उधाणाची भरती त्यांवर पसरे. माणसाने बांध घालून ते अर्धे काम पुरे केले.

बांधाचे महत्त्व कळावयास भरतीचे गणित कळले पाहिजे. समुद्रास दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते, म्हणून कालच्या भरतीपेक्षा आजची भरती पाऊण तासाहून काहीशी अधिक उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन मोठी भरती होते, तीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती, ती बेताची असते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत ओहोटी व भरती यांच्या पातळ्यांत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे एका मजल्याहून अधिक उंची झाली. खारेपाटातील वृद्ध माणसांस घड्याळ लागत नाही. तिथीला तीनाने गुणावे व चाराने भागावे, म्हणजे बारा वाजल्यापासून किती तासांनी पूर्ण भरती येईल ते अदमासे निघते. अष्टमीस सहा वाजता, ही त्याची पडताळणी. मुलांनी हे करून पाहावे. त्रैराशिकाच्या पुस्तकातील पुष्कळशा उदाहरणांपेक्षा हे अधिक उपयोगी आहे.

आता बांध पाहू. तो सिमेंटाचा नसतो. खाडीच्याच चिकणमातीचा असतो. ओहोटी असताना माणसे चिखलात ओळीने उभी राहतात. एकजण कुदळीने मातीचा गोळा कापतो आणि तो हातोहात पुढे जाऊन बांधावर बसतो. पाण्याकडील अंगास जेथे लाटेचा मारा अधिक, तेथे दगड बसवितात. बांधाच्या बाहेर तिवराची दाट पट्टी राखलेली असली, तर लाट तेथेच मोडते व बांधास धक्का कमी बसतो. जुने लोक ही झाडे उगीच तोडीत नसत, ह्याचे कारण हेच.

परंतु नुसता बांध घालून भागत नाही. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. बांधाने समुद्र बाहेर राहिला, तरी पावसाचे पाणी आत कोंडून भात कुजेल. ह्यावर आपल्या पूर्वजांनी काढलेली युक्ती म्हणजे उघाडी. बांधात नाल्याच्या तोंडाशी एक दार बसवितात. ते वरच्या बाजूस टांगलेले असून फक्त खाडीकडे उघडते. भरती आली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली म्हणजे आतील पाणी त्यास ढकलून बाहेर पडते. दिवसातून दोनदा मिटणे व दोनदा उघडणे, एवढेच त्याचे काम. मला तर ही उघाडी मोठमोठ्या यंत्रांपेक्षा अधिक शहाणी वाटते. तिला ना तेल लागते, ना वीज. पण तिच्या फटीत एखादा ओंडका अडकला किंवा फळी कुजली, तर एकाच उधाणात गावाचे वर्ष बुडते.

बांधाचा दुसरा शत्रू फार लहान आहे. तो म्हणजे खेकडा. खेकडे व उंदीर बांधास भोके पाडतात. भोकातून प्रथम पाणी झिरपते, मग धार लागते, मग माती वाहू लागते आणि अखेरीस बांधास भगदाड पडते. ह्यास खारेपाटात 'खांड पडणे' म्हणतात. म्हणून पावसाळ्यात उधाणाच्या रात्री बांधावर फेरी घालण्याची रीत होती. घरटी एक माणूस बांधाच्या कामास द्यावयाचा, हा गावाचा कायदा. काही गावांतून ह्या सामायिक व्यवस्थेस 'जोळ' असे नाव आहे. एका वृद्ध गृहस्थांस मी विचारले, "रात्री खांड पडली म्हणजे तुम्ही लोकांस बोलावीत कसे होता?" त्यांस प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, बोलवायला कोन जातो? पान्याचा आवाज आला का सगले उठलेच."

खारट जमिनीत भात कसे पिकते, हे आता सांगतो. उन्हाळ्यात जमिनीतील ओलावा वर चढून वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर आलेले मीठ वर राहते. मे महिन्यात खारेपाटातील शेत पाहिले, तर त्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. पावसाच्या पहिल्या सरींनी हे मीठ विरघळून खाली जाते व उघाडीवाटे बाहेर वाहून जाते. मगच पेरणी. गोड्या जमिनीप्रमाणे येथे नांगरणी व लावणी सर्वत्र होत नसे. बी भिजवून त्यास मोड आणावयाचे व तेच चिखलावर फेकावयाचे, ही येथील जुनी पद्धत होय. भाताच्या जातीही वेगळ्या. 'रता' नावाचे तांबड्या दाण्याचे भात खाऱ्या पाण्यास दाद देत नसे. पुढे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' ह्या खार सोसणाऱ्या जाती दिल्या आणि उत्पन्न वाढले. रताची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांस मात्र नवा तांदूळ बेचव वाटतो. ही तक्रार शास्त्राच्या कक्षेबाहेरची म्हणून सोडून देऊ.

एकदा खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, तर त्याच वर्षाचे पीक जाते एवढेच नव्हे. ते मीठ धुऊन निघावयास दोन-तीन पावसाळे जावे लागतात. आणि भाताची कापणी झाली म्हणजे येथे दुसरे पीक नाही. कार्ले, खंडाळे, नेहुली इकडच्या गोड्या जमिनीत भातानंतर पांढरा कांदा होतो, ज्यास आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इतरत्र वाल होतो व थंडीत पोपटीचे मडके लागते. खारेपाटातील शेतकरी त्या दिवसांत मिठागरावर जाई, गलबतावर जाई किंवा मुंबईस मजुरीस जाई. आगरी ह्या नावातच 'आगर' आहे, हे ध्यानात घ्यावे.

अन्नाची मात्र एक जोड निसर्गाने दिली. जेथे खारे व गोडे पाणी मिळते तेथे मासळी विपुल. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी ही तर मुलेसुद्धा पकडून आणतात. शहापूर, धेरंड ह्या बाजूस घराशेजारी तळे खणून त्यात जिताडा वाढविण्याची चाल आहे. खाडीतील लहान पिले आणून तळ्यात सोडतात. पाहुणे आले, लग्न ठरले किंवा मुलीस सासरी पाठवावयाची वेळ आली, म्हणजे पाग टाकून जिताडा काढतात. हे तळे म्हणजे शेतकऱ्याची पेढीच. ज्या वर्षी भात बुडते, त्या वर्षी घराचा खर्च पुष्कळदा ह्या तळ्यावर चालतो.

परंतु खारेपाटातील स्त्रियांस विचारा, तर त्या शेताआधी पाण्याचे बोलतील. चोहोकडे पाणी, आणि पिण्यास नाही! विहीर खणली तर खारट लागते. पावसाचे पाणी तळ्यात साठवून ते उन्हाळ्यापर्यंत पुरवावयाचे, आणि ते संपले म्हणजे डोक्यावर हंडे घेऊन डोंगराकडील गावांची वाट धरावयाची, हा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. नळ आले, तरी शेवटच्या गावांस एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. माझ्या वर्गातील काही मुली त्या महिन्यांत पहिल्या तासास उशिरा येतात. त्यांस मी कारण विचारीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हा बांध कोणी राखावयाचा? जुन्या काळी शिलोत्री पद्धत होती. ज्याने बांध घातला तो शिलोत्रदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल कसणाऱ्यांनी त्यास बिघ्यामागे ठरावीक भात द्यावयाचे. ही व्यवस्था कागदावर न्यायाची होती. पुढे मात्र खोत व सावकार जमिनीचे धनी झाले आणि माती वाहणारा निराळा, पीक नेणारा निराळा, अशी स्थिती आली. चिखलात उभा राहून बांध घालणाऱ्या कुळाचे नाव दप्तरात कोठेच नसे, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या अंगणात जाई. ह्याच्याविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस येऊन गेले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक राहिली. लोकांनी लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून, रानातील फळे खाऊन दिवस काढले, परंतु खोताची शेती केली नाही. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारे 'कृषीवल' हे पत्र १९३७ साली ह्याच चळवळीत निघाले. पुढे कूळकायदे झाले, खोती गेली. आपल्या मुलांपैकी अनेकांच्या घरी आज सातबाऱ्यावर जे नाव आहे, ते ह्या सहा वर्षांच्या उपासमारीतून आलेले आहे.

जमीन कुळाची झाली. बांध कोणाचा, हे मात्र सुटले नाही. १९४८ साली खारजमिनींचा कायदा होऊन मंडळ नेमले गेले, १९७९ साली दुसरा कायदा झाला, आणि बाहेरचे मोठे बांध हळूहळू सरकारी योजनांत गेले. ह्याने मजबूत बांध मिळाले हे मान्य केले पाहिजे. गरीब गावास तेवढा खर्च झेपलाच नसता. परंतु त्याबरोबर घरटी एक माणूस देण्याची रीतही सुटली. पूर्वी खेकड्याचे भोक ज्या दिवशी दिसे त्याच दिवशी मूठभर मातीने बुजे. आता त्याचा अर्ज होतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत भोकाची खांड झालेली असते. दोष एकाच बाजूचा आहे असे मला वाटत नाही. तरुण मुले कारखान्यांत व मुंबईस कामास गेली. पाच गुंठ्यांच्या भातासाठी उधाणाच्या रात्री बांधावर कोण जाणार? धरमतरच्या खाडीतून जाणाऱ्या मालवाहू बार्जांच्या लाटांनी बांध झिजतात, अशीही शेतकऱ्यांची तक्रार आहे.

मानकुळे वगैरे गावांच्या बाजूस फिरले, तर एकेकाळी भाताची असलेली शेते आज तिवराखाली दिसतात. येथे एक विलक्षण पेच उत्पन्न झाला आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी तो हुकूम योग्यच होता. बांधाबाहेरील तिवर बांधास किती उपकारक असते हे वर सांगितलेच आहे. परंतु बांध फुटून जे तिवर शेतात शिरले, तेही आता तोडता येत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षे दुरुस्ती लांबली, की शेत कायमचे गेले. ज्याच्या आजोबाने त्या शेतासाठी सहा वर्षे संप केला, त्याने आता कोणाशी संप करावा?

अशा प्रदेशात राहणारे आपणच एकटे नाही. गोव्यातील खाजन शेती ह्याच तत्त्वावर चालते. तेथे उघाडीस 'मानस' म्हणतात. आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, गयाना नावाचा देश आहे, तो तर खारेपाटाचा मोठा भाऊच म्हणावा. तेथील दहांपैकी नऊ लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर राहतात आणि ती पट्टी भरतीच्या पाण्याहून खाली आहे. डच लोकांनी तेथे प्रथम बांध घातले, पुढे इंग्रजांचे राज्य झाले, आणि १८३८ पासून १९१७ पर्यंत सुमारे दोन लाख चाळीस हजार हिंदी मजूर करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले. ते बहुतेक बिहार व उत्तर प्रदेशाकडचे. करार संपल्यावर त्यांतील पुष्कळांनी चिखलाच्या जमिनी घेऊन भात लावले. आज एसेक्विबो नदीच्या किनाऱ्यावर मैलोन् मैल भातशेती आहे, घरे खांबांवर उभी आहेत, आणि तो तांदूळ परदेशी जातो. तेथे समुद्राच्या बाजूस एक बांध व पाठीमागे गोडे पाणी अडविणारा दुसरा बांध, असा दुहेरी पहारा असतो. उघाडीस तेथे 'कोकर' म्हणतात. पण आपल्या उघाडीत व कोकरात एक भेद आहे. कोकराचे दार आपोआप मिटत नाही. ते साखळीने वर ओढावे व खाली सोडावे लागते. त्यासाठी प्रत्येक कोकरावर पगारी रखवालदार नेमलेला असतो, आणि भरती रात्री दोन वाजता आली तर त्यास रात्री दोन वाजता उठावे लागते.

असे असूनही जानेवारी २००५ मध्ये तेथे अतिवृष्टी झाली, पाठीमागील जलाशय काठोकाठ भरून वाहू लागला आणि किनाऱ्यावरील वस्ती कित्येक दिवस पाण्यात राहिली. भरती असताना दार उघडता येत नाही, आणि ओहोटीच्या थोडक्या तासांत तेवढे पाणी बाहेर जात नाही. आपल्याकडे मोठा पाऊस व उधाण एकाच दिवशी आले म्हणजे हेच होते. ह्यास कोणताही देश अपवाद नाही. परंतु दारावर कोण आहे हा प्रश्न तेथे उरत नाही. त्या माणसाचे नाव गावास ठाऊक असते. आपल्या उघाड्यांवरही गावातीलच एकेक माणूस थोड्या वेतनावर ठेवावा, असे मला सुचवावेसे वाटते. खर्च फार नाही. एक खांड बुजविण्यास जेवढे लागते, तेवढ्यात कित्येक वर्षे हे वेतन निघेल.

गेल्या वर्षी हॉलंडचा पाठ आला, तेव्हा मी मुलांस आपापल्या गावाचा नकाशा काढावयास सांगितले. लागवडीची शेते हिरवी रंगवावी, मिठागरे पांढरी ठेवावी, तिवर तपकिरी करावे, बांध काळ्या रेषेने दाखवावा आणि उघाडीच्या जागी फुली करावी, असे ठरले. मुलांनी वडील व आजोबा यांस विचारून नकाशे आणले. कित्येक घरांतून वडिलांस उघाड्यांची संख्या सांगता आली नाही, आजोबांस आली. पोयनाडच्या पलीकडील त्या मुलाचा धाकटा भाऊ आता माझ्या वर्गात आहे. त्याचा नकाशा सुबक होता, पण मधला एक तुकडा कोरा होता. तो म्हणाला, "सर, इथे यंदा अर्ध्यातच पेरलं. बाकीच्यात खारं पाणी आहे, पण तिवर अजून आलेलं नाही. ह्याला कुठला रंग देऊ?"

तो तुकडा अजून तसाच आहे. नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला आहे.